दामाजीच्या मशीनीची दोन तेलं

बेचाळीस वर्षं रंगमंचावर काढली की एक खोड जडते. कुणीही माणूस भेटला, तरी त्याचा पहिला प्रवेश कसा झाला तेच आधी लक्षात राहतं. दामाजी कोळ्याचा प्रवेश मी पाहिलाच नाही, ऐकला. ठाण्याच्या खाडीकाठी, बाळकुमच्या आमच्या इमारतीत मी नवीनच राहायला आले होते. अकराव्या मजल्यावरच्या गॅलरीत चहाचा कप घेऊन उभी होते. खाली खाडीवरून आवाज आला, टुक-टुक-टुक-टुक, आणि मधेच एक खणखणीत खोकला. पुन्हा टुक-टुक, पुन्हा खोकला. पेटी आणि तबला एकमेकांना जागा देतात ना, तशी ती होडी आणि तो खोकला एकमेकांना जागा देत होते. होडी कांदळवनाआड गेली तरी खोकला पाण्यावरून येतच राहिला.

पुढे त्या घराशी ओळख झाली ती मासळीमुळे. दामाजीची बायको मंजुळा आमच्या फाटकाशी टोपली घेऊन बसायची. बोयटं, कोळंबी, कधी चिंबोऱ्या, नशीब असेल त्या दिवशी जिताडा. त्यांचा मुलगा सुदेश आमच्याच इमारतीतले पंप आणि जनरेटर सांभाळतो. त्यामुळे पाणी आलं नाही तरी मी कोळीवाड्यात जायची आणि मासे खावेसे वाटले तरी कोळीवाड्यात जायची. हळूहळू कारण नसतानाही जाऊ लागले.

दामाजी सत्तरीला टेकलेला. बुटका, रुंद, खांदे वल्ह्यांनी घडवलेले. त्याच्या लहानपणी खाडीत मशीन नव्हतंच. बाप आणि तो वल्ही मारत जायचे आणि ओहोटी लागली की चिखलातून होडी ओढत आणायचे. सुदेश जन्मला त्या वर्षी दामाजीने होडीला डिझेलचं मशीन बसवलं. एका सिलिंडरचं, हँडल मारून सुरू करायचं. कोळीवाड्यात इंजिनाला कुणी इंजिन म्हणत नाही, मशीनच म्हणतात, आणि ते घरातल्या माणसासारखं म्हणतात. दामाजी मला एकदा म्हणाला, "बाय, माजे दोन पोरगे एकाच वर्षी झाले. एक सुदेश, एक ह्ये. सुदेश उलट बोलतो. ह्ये नाय बोलत."

"ते धूर सोडतं," मंजुळा आतून म्हणाली.

खरी गोष्ट इथूनच सुरू होते. मशीन होडीच्या मागच्या भागात, आणि सुकाणूही तिथेच. म्हणजे सुकाणू धरणाऱ्याला मशीनच्या शेजारीच बसावं लागतं. वारा पुढून असला की सगळा धूर त्याच्या तोंडावर. पंचेचाळीस वर्षं दामाजी त्या धुरात बसला होता. गेल्या फेब्रुवारीत त्याला धाप लागली, जिना चढेना, तेव्हा सुदेशने त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि साध्या शब्दांत सांगितलं, मासे पकडा, पोहा, वल्ही मारा, काहीही करा, पण त्या धुराशेजारी बसायचं नाही. एक दिवससुद्धा नाही.

वल्ही मारायचं वय गेलेलं. मशीनीशिवाय होडी नाही, आणि मशीनशेजारी दामाजी नाही. म्हणजे दामाजीला खाडीच नाही.

"विकून टाका," सुदेश म्हणाला. "दिवा गावचा रघु कधीपासून विचारतोय. मशीनसकट घेईल."

दामाजी अंगणात जाऊन जाळं शिवत बसला. ते जाळं फाटलेलंच नव्हतं, हे मला मंजुळेनं नंतर सांगितलं.

रंगभूमी सोडायचा दिवस मलाही आला होता. गुडघ्यांनी नकार दिला, एवढंच. शेवटच्या प्रयोगानंतर मी सहा महिने रोज संध्याकाळी सहा वाजता उगाच वेणी घालून तयार बसायची. त्यामुळे न फाटलेलं जाळं शिवणं म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सुदेशची मुलगी प्राप्ती ठाण्यात कॉलेजात शिकते. रसायनशास्त्र, शेवटचं वर्ष. उंच, किडकिडीत, चष्मा, बोलायला लागली की थांबत नाही. वर्षभराच्या प्रकल्पासाठी तिने विषय घेतला होता, जैवइंधन आणि खनिज इंधन यांची तुलना. सुरुवातीला तो विषय तिच्यासाठी नुसता मार्कांचा होता. आज्याच्या छातीचा फोटो घरात आला त्या दिवसापासून तो मार्कांचा राहिला नाही.

एका रविवारी ती माझ्याकडे आली. "आजी, तुमच्या ओळखीत कुणी वडे तळतं का? जळकं तेल पाहिजे. भरपूर."

ओळखीत म्हणजे काय! आमच्या नाटक कंपनीत कपडेपट सांभाळणारी कलावती आता कोपरला, डोंबिवली पश्चिमेला, वडे आणि भजीची गाडी चालवते. एका प्रयोगात माझा शालू मागून उसवला, तेव्हा विंगेत उभ्या उभ्या दातात सुई धरून तिने तो शिवला होता. त्या बाईकडे मी काहीही मागू शकते. आम्ही दोघी रिक्षाने गेलो.

कलावतीने प्राप्तीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तेलाचं करणार काय? डोक्याला लावणार?"

"होडी चालवणार," प्राप्ती म्हणाली.

"अगं बाई!" कलावतीने झारा खाली ठेवला. "ने बापडे. दर सोमवारी डबा काढून ठेवते. पण सांगून ठेवते, त्यात मिरच्या तळल्यात. मशीनीला ठसका लागला तर माझ्याकडे यायचं नाही."

जे पुढे घडलं ते मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत उभी राहून पाहिलं. प्राप्तीच्या मॅडमनी मला स्टूल दिलं होतं. तेल आधी गाळलं, तापवलं, त्यातलं पाणी उडवलं. मग मिथेनॉल नावाचं एक स्पिरिट आणि चिमूटभर कॉस्टिक सोडा. हे काम घरी करायचं नाही, मिथेनॉल विषारी आहे, असं प्राप्तीने मला तीनदा बजावलं, जणू मी घरी जाऊन लगेच करणारच होते. तासाभराने भांड्यात दोन थर दिसू लागले. वर सोनेरी, पातळ. खाली तपकिरी, घट्ट.

"वरचं आपलं इंधन, त्यात थोडा साबणही होतो, तो पाण्याने धुऊन मग तेल वाळवायचं," प्राप्ती म्हणाली. "खालचं ग्लिसरीन."

मी स्टुलावरून उठलेच. आमच्या धंद्यात ग्लिसरीन म्हणजे डोळ्यांतलं पाणी. किती बायका ते लावून ढसाढसा रडल्या असतील! ते वड्याच्या तेलातून निघतं हे मला सत्त्याहत्तराव्या वर्षी कळलं.

"पण मला एक सांग," मी म्हटलं. "डिझेल जळलं की धूर आणि तो कार्बन डायऑक्साइड. हे जळलं की काय, गुलाबपाणी?"

"नाही, हे जळलं तरी तोच वायू. फरक तो कुठून आला त्यात आहे. डिझेलमधला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीखाली होता. आपण तो वर काढून हवेत सोडतो. त्याला परत खाली जायला वाट नाही. या तेलातला कार्बन सोयाबीनच्या झाडाने गेल्या वर्षी हवेतूनच घेतला होता. तो हवेत परत जातो, पुढचं झाड परत घेतं."

मला ते माझ्या भाषेत लगेच कळलं. एक नट रंगमंचावर येतो आणि जातच नाही. दुसरा येतो, आपलं काम करतो, विंगेत जातो आणि पुढच्या अंकात पुन्हा येतो. पहिल्या जातीचे नट वाढले की रंगमंचावर पाय ठेवायला जागा राहत नाही. मी हे सांगितलं तेव्हा मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, पुढच्या वर्षी वर्गात असंच सांगेन.

प्राप्ती मात्र खरी विद्यार्थिनी. तिने लगेच माझा उत्साह जागेवर आणला. हे तेलही पूर्ण सोवळं नाही, ती म्हणाली. मिथेनॉल बहुतेक नैसर्गिक वायूपासूनच बनतं, तापवायला वीज लागते. आणि सगळ्या गाड्या यावर चालवायच्या म्हटल्या तर तेलबियांसाठी एवढी जमीन आणायची कुठून? जंगल तोडून पाम लावले तर नफ्यापेक्षा तोटाच. म्हणून वापरून झालेलं तेल चांगलं. ते तसंही गटारातच जाणार.

शिवाय जोर कमी. तिने दोन्ही इंधनं सारख्याच वजनाची घेऊन सारख्याच पाण्याखाली जाळली होती. डिझेलने पाणी जिथे पन्नास अंशांनी तापलं, तिथे वड्याच्या तेलाने त्रेचाळीस, चव्वेचाळीस. तिने हा आकडा वहीत जसा होता तसा लिहिला. मला ते आवडलं. आज्यासाठी चाललेला प्रयोग होता, आकडा थोडा वर सरकवायचा मोह तिला झाला नसेल असं नाही.

मग ती घरी आली आणि आज्यासमोर खरा प्रयोग केला. अंगणात दोन वाती. एक डिझेलमध्ये बुडवलेली, एक आपल्या तेलात. दोन्ही पेटवल्या आणि दोन्हींवर एकेक पांढरी बशी धरली. डिझेलची बशी बघता बघता काळी झाली, बोट ओढलं तर रेघ उमटावी इतकी. दुसरीवर राखाडी सावली आली, तेवढीच.

"ह्या तेलाच्या कणातच थोडा ऑक्सिजन असतो," प्राप्ती सांगत होती. "म्हणून ते जास्त नीट जळतं, काजळी कमी धरते. डिझेलमध्ये तो नसतो."

दामाजी काळ्या बशीकडे बघत राहिला. मग त्याने शर्टाच्या वरून छातीवर हात ठेवला. "म्हंजे माजे आतमंदी ही बशी हाय."

मग त्याने दुसरी बशी हातात घेतली.

"नि तुजी बशी पांढरी राहील क?"

"पूर्ण पांढरी नाही, आजा. पण काळी नाही होणार."

"वास?"

"वड्यांचा येईल."

"मंग माजी होरी बगून पोरं पाव घेऊन धावतील," तो म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी मी त्याला हसताना पाहिलं.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, धूर तो धूर, पण कमी असेल तर बघू, महिन्याने तपासू. सुदेशला हे पटलं नव्हतं. त्याने पैज लावली नाही, धमकी दिली नाही. एवढंच म्हणाला, "नारळी पौर्णिमेपर्यंत बघा काय करायचं ते. त्यानंतर रविवारी रघु येतोय. त्याला मी शब्द दिलाय." पण आतून त्यानेच हात लावला. नव्या तेलाने टाकीच्या तळाशी पंचेचाळीस वर्षं बसलेला गाळ सुटला आणि पहिल्याच दिवशी फिल्टर तुंबला. सुदेशने कामावरून येऊन टाकी धुतली, फिल्टर बदलला, रबरी नळी हे तेल मऊ करतं म्हणून ती काढून दुसरी बसवली. हे सगळं करताना तोंडाने सारखं, "काय नसत्या भानगडी करून ठेवल्यात." हात मात्र बापाच्या मशीनवरून असे फिरत होते, की मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

मग निम्मं डिझेल, निम्मं प्राप्तीचं तेल घालून होडी चालली. मी गॅलरीत उभी होते. टुक-टुक-टुक-टुक. मी खोकल्याची वाट पाहिली. तो आला, पण दोनदाच, आणि दुसऱ्यात पूर्वीचा खणखणीतपणा नव्हता.

नारळी पौर्णिमेला बाळकुमच्या होड्या खाडीत जातात, मधोमध पाण्याला नारळ देतात आणि परत येतात. त्या दिवशी धक्क्यावर मंडप होता, ढोल होता, नऊवारीतल्या बायका ताटं घेऊन उभ्या होत्या. मला खुर्ची दिली होती, पुढच्या रांगेत. सवय आहे मला पुढच्या रांगेची, पण नेहमी दुसऱ्या बाजूने. प्राप्ती माझ्या शेजारी उभी होती. टाकीत पहिल्यांदाच एक थेंबही डिझेल नव्हतं, सगळं तिचं तेल होतं. तिची नखं खाऊन संपली होती.

होडीवर दामाजी एकटा होता. कोळीवाड्यातली ही रीत आहे. सगळ्यांनी एकत्र होड्या सोडण्याआधी मालक एकटा आपल्या मशीनची पूजा करतो, घरचे धक्क्यावर थांबतात. त्याने पाठमोरं बसून हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. आम्हाला दिसली ती त्याची पाठ. मग तासभर आरती, ढोल, प्रसाद. मग हँडल मारलं. टुक-टुक सुरू झालं आणि धक्क्यावर वड्याचा वास पसरला. बायका हसायला लागल्या. मंजुळेने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

खाडीच्या मधोमध मशीनचा ताल चुकला. टुक... टुक-टुक... टुक. मग काहीच नाही.

ओहोटी लागली होती. होडी हळूहळू आडवी झाली आणि पुलाच्या खांबांच्या दिशेने सरकू लागली. दामाजी हँडल मारत होता, पुन्हा मारत होता. प्राप्तीने माझा खांदा इतका घट्ट धरला की चार बोटांचे वळ दुसऱ्या दिवशीही होते. शेवटी दगडूने, म्हणजे त्यांच्या शेजारच्या होडीवाल्याने, आपली होडी वळवली, दोर फेकला आणि दामाजीला ओढत धक्क्याला आणलं. खाडीचा नारळ दामाजीने वाटेतच, दगडूच्या होडीतून दिला.

दगडू फाटक्या तोंडाचा. धक्क्याला लागताच ओरडला, "दामाजी, तुजा वडा थंड झाला रे!"

धक्क्यावर हशा पिकला. दामाजी खाली उतरला. हसला नाही, चिडला नाही. आपल्याच होडीला दुसऱ्याच्या होडीने बांधून आणलं, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं होतं.

प्राप्ती होडीत उतरली. तिने फिल्टरच्या आधीची नळी काढून काचेच्या बाटलीत तेल घेतलं आणि उजेडाकडे धरलं. सोनेरी असायचं ते तेल ताकासारखं गढूळ पांढरट झालं होतं.

"पाणी," ती पुटपुटली. "यात पाणी आहे. माझंच चुकलं. धुतल्यावर नीट वाळवलं नसेल मी. साबण राहिला असेल..." आणि तिला रडू आलं.

सुदेश खाली आला होता. "मी काय बोललेलो? कॉलेजातले प्रयोग कॉलेजात ठेव. आज बाबा पुलावर आपटले असते म्हणजे? काय केलं असतंस, वहीत लिहिलं असतंस?" त्याचा आवाज चढला. "रविवारी रघुला देऊन टाकायची होडी. विषय संपला."

"पप्पा, मी..."

"विषय संपला बोललो ना."

सगळा धक्का ऐकत होता. दामाजी होडीच्या कडेला हात ठेवून उभा होता. नाटकात एक क्षण असतो, त्या क्षणी पात्राने काहीच केलं नाही तरी प्रेक्षक त्याच्याकडेच बघतात. मी त्याच्याकडे बघत होते. त्याला काहीतरी माहीत होतं. तो गप्प राहिला असता तर कुणाला कधीच कळलं नसतं. मशीन गेलं असतं, पण त्याची आणि त्याच्या बापाची लाज झाकली गेली असती. दोष प्राप्तीच्या तेलावर गेला असता.

"पोरीला बोलू नको, सुदेश," तो म्हणाला. "पानी मी घातला."

"काय?"

"नारलाचा पानी. टाकीत." त्याने मान खाली घातली नाही. "दर नारली पुनवेला घालतंय. माजे बापाने सांगितलेला. मशीन घरचा मानूस हाय, घरचे मानसाला परसाद पोचला पायजे. पयले वरशी मशीन बंद पडली, तवा मिस्त्री ओरडला. मंग मना समजला. पानी घालायचा, तासभर थांबायचा, पानी खाली बसतो, तलाचा नळ खोलायचा, पानी काढून टाकायचा. पंचेचाळीस वरसं असाच करतंय. आजपन केला. तासभर थांबलो, नळ खोलला. थोराच पानी आयला. मना वाटला, बस झाला."

सुदेशचं तोंड उघडं राहिलं होतं. प्राप्तीने चष्मा काढून डोळे पुसले. तिच्या चेहऱ्यावर आता रडू नव्हतं, तिला एकदम काहीतरी दिसलं होतं.

आणि मग दगडू, ज्याने आत्ताच वड्याची थट्टा केली होती, तो मान खाजवत म्हणाला, "आरं, मीपन घालतो."

"तू?"

"माजा बाप घालायचा. मना वाटायचा, आमचेच घरात करतात."

मागून कुणीतरी म्हणालं, "आमीपन." मग आणखी एक जण. पाच मिनिटांत कळलं, की त्या धक्क्यावरची प्रत्येक होडी दर नारळी पौर्णिमेला नारळाचं पाणी पीत होती, आणि प्रत्येक मालकाला वाटत होतं की हे आपल्याच घरचं गुपित आहे. मंजुळेने कपाळावर हात मारला. "म्हंजे अख्खा गाव चोरून परसाद वाटतो मशीनीना!"

प्राप्ती दगडूच्या होडीत चढली. तिने त्याच्या टाकीच्या तळाच्या नळातून एक बाटली भरली आणि दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी धरल्या. दगडूच्या बाटलीत डिझेल वर, स्वच्छ, आणि खाली बोटभर पाणी, मधे रेघ ओढल्यासारखी. प्राप्तीच्या बाटलीत रेघ नव्हतीच. सगळं एकजीव, ताक.

"बघा," ती म्हणाली, आणि आता ती वर्गात शिकवणाऱ्या बाईसारखी बोलत होती. "डिझेलला पाणी आवडत नाही. ते त्याला खाली ढकलून देतं. म्हणून नळ खोलला की निघतं. माझं तेल पाण्याला थोडं जवळ करतं. त्यात माझ्या तेलात साबणाचा अंश राहिला असणार, तेवढी चूक माझी. होडी हलली, ढवळलं गेलं, आणि पाणी वेगळं व्हायलाच तयार नाही. आजाने सगळं बरोबर केलं होतं. पंचेचाळीस वर्षं बरोबरच होतं. हे तेलच वेगळं आहे."

दामाजीने दोन्ही बाटल्या हातात घेऊन हलवल्या. डिझेलमधलं पाणी मिनिटभराने पुन्हा खाली बसलं. दुसरी बाटली ताकच राहिली.

"मंग परसाद बंद?" त्याने विचारलं. या प्रश्नात त्याच्या बापाचा आवाज होता, म्हणून कुणी हसलं नाही.

उत्तर प्राप्तीने दिलं नाही, मंजुळेने दिलं. "देवाला आपन निवेद दाखवतो क कोंबतो? दाखवतो ना? तसा मशीनीला दाखव नि नारल तू खा."

यावर मात्र सगळे हसले, दामाजीसुद्धा. सुदेश हसला नाही. तो होडीत उतरला होता आणि टाकीचा नळ खोलत होता. सगळं तेल डब्यात काढलं, टाकी पुसली, नळी फुंकून कोरडी केली. प्राप्तीकडे एक डबा शिल्लक होता. तिने तो ऊन असेपर्यंत धक्क्यावर उन्हात ठेवला, मग शांतपणे गाळला आणि स्वतःच्या हाताने टाकीत ओतला. दुसऱ्या हँडलला मशीन लागलं.

रविवारी दिव्याचा रघु आला. जाडजूड, गळ्यात सोन्याची साखळी, बोलायला गोड. मीही गेले होते. खोटं कशाला बोलू, बघायलाच गेले होते. तो होडीभोवती फिरला, मशीन थोपटलं. "काय रे सुदेश, कधी नेऊ?"

सुदेश डोक्याला हात लावून उभा राहिला. "तुला फोन करायचा राहिलाच रे. सॉरी. मशीन लागतेय."

"कोणाला? म्हातारा तर बसत नाही बोललेलास."

"बसतो. आठवड्यातून दोन दिवस."

हिशेब साधा होता. कलावतीच्या गाडीचं आठवड्याचं तेल म्हणजे होडीच्या दोनच फेऱ्या. त्याच्या पुढे जैवइंधन संपतं. प्राप्तीने आपल्या प्रकल्पात हेही लिहिलं, हे मला नंतर मॅडमनी सांगितलं. जोर कमी, पुरवठा थोडा, पाण्याला जपावं लागतं, पण काजळी कमी आणि कार्बन जुना नाही. आणि शेवटी एक ओळ, जी मॅडमनी खोडली नाही: या इंधनावर चाचणीतील होडी आठवड्यातून दोन दिवस चालली.

"आणि बाकीचे दिवस?" रघुने विचारलं.

"बाकीचे दिवस डिझेल," सुदेश म्हणाला. "सुकाणूला मी बसणार. सुट्टीच्या दिवशी. बाबा पुढे, जाळ्याकडे. तिथे धूर येत नाही."

दामाजीने हे आधी ऐकलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. तो पुढे जाऊन बसला. मशीन बसवल्यापासून पहिल्यांदाच होडीच्या पुढच्या टोकाला, वारा तोंडावर घेत. सुदेशने हँडल मारलं, सुकाणू धरलं, आणि होडी सरळ जाण्याऐवजी तिरपी होऊन धक्क्याकडेच वळली.

"आरं, पंप नाय हा!" दामाजी पुढून ओरडला. "बटन दाबून नाय चालत! डावीकडं घे, डावीकडं!"

"घेतोय ना, बाबा!"

"ती डावी नाय, ती उजवी! कोनता मास्तर होता तुजा?"

"तुम्हीच होतात! कधी शिकवलंत का?"

होडी अजून वेडीवाकडी चालली होती. मग दामाजी बसल्या जागेवरून वळला, मुलाकडे तोंड करून, खाडीला पाठ देऊन, आणि हाताने हवेतच सुकाणू धरल्यासारखं करून त्याला दाखवू लागला, "असा धर, असा."